आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. गावी पुढचा महिना कसा सांभाळावा?

कृष्णाकाठची लेक

सर्वांना नमस्कार. माझ्या आईचे वय 74 असून मंगळवारी तिच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची फेको पद्धतीने, म्हणजे लहानशा छेदातून, शस्त्रक्रिया झाली. बुधवारी पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी डोळा तपासून सर्व ठीक असल्याचे सांगितले आणि आम्ही तिला वाई तालुक्यातील आमच्या गावी घेऊन आलो. मी पुण्यात नोकरी करते आणि रविवारी संध्याकाळी मला परत निघावे लागेल. त्यानंतर घरात आई आणि 79 वर्षांचे वडील असे दोघेच असतील. शेजारी राहणाऱ्या चुलत वहिनींनी सकाळ-संध्याकाळ येऊन जाण्याचे आपणहून कबूल केले आहे, मात्र दिवसभर त्या शेतावर असतात.

आईला 15 वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टरांनी थेंबांच्या तीन बाटल्या दिल्या आहेत. एक प्रतिजैविकाची, दिवसातून चार वेळा; दुसरी स्टेरॉइडची, पहिल्या आठवड्यात सहा वेळा आणि पुढे दर आठवड्याला एकेक वेळ कमी करायची; तिसरी सूज उतरण्याची, तीन वेळा. म्हणजे दिवसाला तेरा थेंब. वडिलांचे हात कापतात आणि काल त्यांनी घातलेल्या तीन थेंबांपैकी दोन आईच्या गालावर पडले. शेजारच्या काकूंनी गुलाबपाणी घालण्याचा सल्ला दिला आहे. त्यातच गावात हळद शिजवण्याचे दिवस सुरू आहेत, अंगणात धूर असतो, आणि आई हात बांधून बसणारी नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तिच्या सोसण्याची. दुखते का, असे विचारले की ती "काही नाही गं, तू तुझं काम बघ" एवढेच म्हणते. मी समोर नसताना डोळ्यात काही बिघडले, तर ते मला वेळेवर कसे कळेल? थेंबांची व्यवस्था कशी लावावी आणि कोणते पथ्य खरोखर महत्त्वाचे आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मिरजेच्या सिस्टर (निवृत्त)

ताई, मी नेत्रविभागात बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे, त्यामुळे थेंबांविषयी मी सविस्तर लिहिते. पथ्याविषयी नातेवाईक आम्हाला दहा प्रश्न विचारत, भात चालेल का, वांगे चालेल का, आणि थेंब कसे घालायचे हे मात्र क्वचितच कुणी विचारत असे. डोळा बरा होण्यासाठी वांग्यापेक्षा थेंबांना कितीतरी अधिक महत्त्व आहे. आहाराचे म्हणून मधुमेहाचे जे पथ्य आधीपासून आहे तेवढेच पाळावे.

तेरा थेंब ऐकायला फार वाटतात, परंतु वेळा सहाच आहेत. सकाळी सात, दहा, दुपारी एक, चार, संध्याकाळी सात आणि रात्री दहा या सहाही वेळांना स्टेरॉइड घालावे आणि त्यांतल्याच चार वेळांना प्रतिजैविक व तीन वेळांना तिसरे औषध जोडून द्यावे. कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनाने सहा रकाने आखा, प्रत्येक रकान्यात बाटलीच्या टोपणाचा रंग लिहा आणि थेंब घातला की वडिलांना तिथे खूण करायला सांगा. आठवडा बदलला की स्टेरॉइडची एक वेळ कमी होईल, म्हणून सहाही आठवड्यांचे तक्ते तुम्ही निघण्याआधीच तयार करून ठेवा. फोनवरून असे बदल सांगताना हमखास गोंधळ होतो.

थेंब घालणाऱ्याने प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. आईंना खुर्चीत बसवण्याऐवजी पलंगावर उताणे झोपवावे. वडिलांचे हात कापतात, तर त्यांनी मनगट आईंच्या कपाळावर टेकवावे, म्हणजे हाताला आधार मिळतो. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की जी खोबण दिसते तिच्यात एक थेंब पडला पाहिजे. थेट बुबुळावर नेम धरण्याची गरज नाही. तेही जमत नसेल, तर आईंनी डोळा मिटून घ्यावा, नाकाकडच्या कोपऱ्यात एक थेंब सोडावा आणि मग हळूच डोळा उघडावा. औषध आपोआप आत उतरते. मात्र त्याआधी पापण्या स्वच्छ असायला हव्यात. बाटलीचे टोक पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागू देऊ नये, कारण एकदा ते दूषित झाले की पुढे प्रत्येक थेंबाबरोबर जंतू आत जाऊ शकतात.

एक थेंब पुरतो. डोळ्यात मुळात एका थेंबाएवढीही जागा नसते, दुसरा थेंब घातला तर तो पहिल्याला सोबत घेऊन गालावर उतरतो. याच कारणाने दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. थेंब पडल्यावर डोळा अलगद मिटून ठेवावा, घट्ट आवळू नये, आणि नाकाच्या बाजूला हाडावर बोटाने एक-दोन मिनिटे हलके दाबून धरावे, म्हणजे औषध नाकातून घशात न जाता डोळ्यात टिकते. हा दाब डोळ्यावर मुळीच पडता कामा नये. स्टेरॉइडची बाटली दुधासारखी पांढुरकी असेल, तर औषध तळाला बसलेले असते आणि ती प्रत्येक वेळी चांगली हलवावी लागते. न हलवता घातलेले थेंब म्हणजे बरेचसे नुसते पाणी.

डोळ्याच्या औषधांची पेटी वेगळी ठेवा आणि तिच्याशेजारी कानाच्या थेंबांची बाटली किंवा दुसरी कोणतीही तशीच छोटी बाटली नको. ज्येष्ठ माणसे टोपण पाहून बाटली उचलतात आणि कानाचे औषध डोळ्यात गेल्याचे प्रसंग खरोखर घडतात. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि महिन्यानंतर उरलेले औषध टाकून द्या. पुढे दुसऱ्या डोळ्याला उपयोगी पडेल म्हणून ते जपून ठेवू नका.

आता पदराविषयी. आपल्याकडच्या वयस्कर बायका डोळ्यातले पाणी पदराने टिपतात, आणि तोच पदर दिवसभर चुलीजवळ, गोठ्यात, भाजी पुसायला वापरलेला असतो. आईंना मिश्री लावण्याची सवय असेल, तर ते बोट पुढे डोळ्याकडे जाते. शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना मी हे दोनच नियम पुन्हा पुन्हा सांगत असे. पाणी आले तर ते गालावर येऊ द्यावे आणि स्वच्छ कापसाने गालच टिपावा. सकाळी पापण्या चिकटल्या असतील, तर उकळून गार केलेल्या पाण्यात निर्जंतुक कापूस भिजवून, पिळून, मिटलेल्या पापणीवरून नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवावा आणि तो बोळा टाकून द्यावा. गुलाबपाणी, मध, एरंडेल, काजळ, तुळशीचा रस यांतले काहीही डोळ्यात जाऊ नये. काकूंना वाईट वाटेल, हे मी समजू शकते. त्यांना डॉक्टरांचे नाव सांगा, म्हणजे आईंवर त्या नकाराचा भार पडणार नाही.

अंबडकर

आपली आई सोसणारी आहे, हे वाचून मी लिहायला बसलो. चार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या डाव्या डोळ्याची अशीच शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली होती आणि तिसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्राचे मथळे वाचत होते. पाचव्या दिवशी संध्याकाळपासून डोळा ठणकू लागला. घरात माझ्या भाचीच्या साखरपुड्याची गडबड होती, म्हणून त्यांनी कुणालाही सांगितले नाही आणि डोकेदुखीची गोळी घेऊन ते झोपले. सहाव्या दिवशी डोळा लाल झालेला आम्हाला दिसला, तेव्हा डोळे आले असतील असे समजून मी औषधाच्या दुकानातून थेंब आणून घातले. सातव्या दिवशी सकाळी त्या डोळ्यासमोर धरलेला हात त्यांना दिसेना. छत्रपती संभाजीनगरला नेल्यावर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्याचे निदान झाले, त्याच दिवशी डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागली आणि पुढे पडद्याचीही शस्त्रक्रिया झाली. डोळा वाचला. त्या डोळ्याने आज त्यांना समोर माणूस उभा आहे एवढे कळते, पण चेहरा ओळखू येत नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा यात काही दोष होता असे मी म्हणत नाही. दीड दिवस आमच्या घरात गेला, एवढे मात्र मला ठाऊक आहे, आणि ते मी विसरू शकत नाही.

त्यानंतर दीड वर्षाने उजव्या डोळ्याची वेळ आली, तेव्हा आम्ही "दुखते का" हा प्रश्नच बंद केला, कारण त्याचे उत्तर नेहमी "नाही" असेच येत असे. त्याऐवजी पलंगासमोरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांचे कॅलेंडर लावले. रोज सकाळी त्याच जागी बसून, त्याच उजेडात, न दाबता तळहाताने दुसरा डोळा झाकून त्यांनी फोनवर मला तारखा वाचून दाखवायच्या. मोठे आकडे दिसले की त्याखालची बारीक अक्षरे किती लागतात, हेही मी विचारत असे. काल वाचता आले ते आज आले नाही, तर कोणतीही चर्चा न करता गाडी काढायची, असे ठरले होते. तशी वेळ आली नाही. पण दुखणे लपवणारा माणूससुद्धा आकडा लपवू शकत नाही, म्हणून हा उपाय मी आपल्याला कळकळीने सुचवतो. शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर डोळ्याची लाली तुम्ही स्वतः पाहा.

नेत्रतज्ज्ञ, कोल्हापूर

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत आणि अंबडकरांनी आपला अनुभव लिहिला याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांच्या वडिलांना जे झाले त्याला एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. हजार शस्त्रक्रियांमागे एखाद्यालाच, किंवा त्याहूनही कमी रुग्णांना, तो होतो. परंतु झाला तर तास मोजावे लागतात. तो बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतो, कधी त्याच्या आधी, तर कधी काही आठवड्यांनीही. आज शुक्रवार, म्हणजे आपल्या आईंचा तिसरा दिवस आहे आणि पुढचा आठवडा सर्वांत जागरूक राहण्याचा आहे.

पहिल्या आठवड्यात डोळ्यात कचकच होणे, थोडे पाणी येणे, उजेड टोचणे, किंचित लाली असणे आणि रंग अधिक निळसर व लख्ख भासणे हे सर्व स्वाभाविक आहे. मात्र या तक्रारी दिवसागणिक कमी होत गेल्या पाहिजेत आणि दृष्टी सुधारत गेली पाहिजे. उतार सुरू झाल्यावर पुन्हा चढ लागला, म्हणजे दुखणे वाढले, दिसणे कमी झाले, लाली वाढली, पापणी सुजली किंवा पू दिसू लागला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. या सर्व लक्षणांची वाट पाहू नये. काही रुग्णांना, विशेषतः वृद्धांना, वेदना फारशा होत नाहीत आणि नुसते धूसर दिसू लागते, म्हणून कॅलेंडरची युक्ती मला फार योग्य वाटते. औषधाच्या दुकानातून थेंब घेऊन एक दिवस बघणे हे या आजारात सर्वांत महाग पडते.

पथ्यांमागचे कारण समजले की ती पाळणे सोपे जाते. फेको शस्त्रक्रियेत बुबुळाच्या कडेला साधारण अडीच ते तीन मिलिमीटरचा छेद घेतात आणि बहुधा टाका घालत नाहीत. हा छेद तिरका असतो व डोळ्यातल्या दाबानेच आतून मिटलेला राहतो. डोळा चोळला किंवा त्यावर आघात झाला तर तो क्षणभर उघडू शकतो, आणि बाहेरचे पाणी जंतूंसह आत जाण्यास तेवढे पुरते. म्हणून झोपताना प्लॅस्टिकचे कवच चिकटपट्टीने लावायचे, कारण झोपेत हात डोळ्याकडे जातो हे माणसाला कळत नाही. म्हणूनच सांगितलेले दिवस, बहुधा एक ते दोन आठवडे, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही. मानेखाली अंघोळ करून चेहरा ओल्या कापडाने पुसावा. केस धुवायचेच असतील, तर मान मागे टाकून वहिनींकडून धुऊन घ्यावेत. नदी, विहीर किंवा कुंडातले स्नान महिनाभर तरी टाळावे. घरातल्या घरात चालणे, दूरदर्शन पाहणे, थोडे वाचणे याने काहीही बिघडत नाही. पाण्याची कळशी, धान्याचे पोते, जोराची खोकल्याची ढास आणि बद्धकोष्ठात कुंथणे मात्र टाळायला हवे. खोकला किंवा बद्धकोष्ठ असेल तर त्यावरचे औषध आधीच विचारून घ्या. हळदीच्या अंगणात काळा चष्मा लावूनही महिनाभर बसू नये, कारण तिथे धूर आणि धूळ दोन्ही असतात आणि हात आपोआप डोळ्याकडे जातो.

आईंना मधुमेह आहे, म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. डोळा शांत झाल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, काहींच्या दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, मध्यभागी सूज येते आणि मधुमेहींमध्ये तिची शक्यता अधिक असते. आपल्याला दिलेले तिसरे औषध बहुधा तीच टाळण्यासाठी आहे, त्यामुळे डोळा बरा वाटतो म्हणून ते मध्येच थांबवू नये. दुसरी गोष्ट स्टेरॉइडची. ते अचानक बंद केले तर आतली सूज उलटू शकते, आणि ठरल्यापेक्षा जास्त दिवस घातले तर काही जणांच्या डोळ्याचा दाब वाढतो. या दाबवाढीची जाणीव रुग्णाला सहसा होत नाही, ती फक्त तपासणीत कळते. म्हणून एका आठवड्याची आणि एका महिन्याची तपासणी, आईंना छान दिसत असले तरीही, चुकवू नका. साखरेच्या गोळ्या नियमित चालू ठेवा. डोळ्यासमोर अचानक विजेसारखे चमकणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणे किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल सुटण्याची लक्षणे असू शकतात. ती महिन्याने काय किंवा वर्षाने काय, केव्हाही दिसली तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे. याउलट काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू धुरकट दिसू लागले, तर बसवलेल्या भिंगामागचे आवरण गढूळ झालेले असू शकते. ते याग लेझरने काही मिनिटांत वेदनेशिवाय मोकळे करता येते, त्याची भीती बाळगू नये.

रत्नागिरीकर

एक मुद्दा राहिला आहे. माझ्या मावशीचा डोळा उत्तम बरा झाला, पण बाराव्या दिवशी ती पडवीची पायरी चुकून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. एका डोळ्याने स्वच्छ आणि दुसऱ्याने धूसर दिसत असले की पायरीची खोली नीट उमगत नाही. त्यात ती सवयीने जुना चष्मा लावत होती आणि नव्या भिंगामुळे उजव्या काचेचा जुना नंबर चुकीचा ठरला होता. नवा चष्मा महिना-दीड महिन्यानंतरच मिळतो, तोवर जुना चष्मा लावावा की नाही आणि त्या बाजूची काच काढून घ्यावी का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. उंबरठ्यावर आणि पायऱ्यांच्या कडेला गडद रंगाची पट्टी चिकटवा, न्हाणीघरापर्यंत रात्रभर दिवा ठेवा आणि वाटेतली पायपुसणी उचलून टाका.

कृष्णाकाठची लेक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी सोमवारी अर्धा दिवस रजा घेतली आणि एक दिवस उशिराच निघाले. सहाही तक्ते भिंतीवर लावले आहेत, सकाळ-संध्याकाळचे थेंब वहिनी घालतात आणि दुपारचे वडील, मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यात सोडण्याच्या पद्धतीने. त्यांना ते जमू लागले आहे. आईसाठी मऊ कापडाचे आणि कापसाचे वेगळे डबे ठेवले. पदराचा मुद्दा तिला पटायला दोन दिवस लागले.

आज दहावा दिवस आहे. आठव्या दिवशी सकाळी तिला कॅलेंडरवरचे बारीक अक्षर आदल्या दिवसापेक्षा कमी दिसले, म्हणून आम्ही तिला लगेच रुग्णालयात नेले. बुबुळावर कोरडेपणा होता, बाकी डोळा शांत होता. डॉक्टरांनी आणखी एक वंगणाचे औषध दिले आणि आणलेत ते योग्यच केलेत, असे आईच्या समोर सांगितले. त्यानंतर ती स्वतःहून सकाळी फोन करून आकडे वाचते.

एक प्रश्न उरला आहे. वडिलांच्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि दिवाळीनंतर त्यांची शस्त्रक्रिया करायची आहे. प्रोस्टेटसाठी ते चार वर्षांपासून टॅमसुलोसिनची गोळी घेतात. याचा काही संबंध येतो का?

नेत्रतज्ज्ञ, कोल्हापूर

संबंध येतो आणि आपण आधी विचारलेत हे फार चांगले झाले. त्या गोळीमुळे डोळ्यातील रंगीत पडदा सैल पडतो, शस्त्रक्रियेत बाहुली पुरेशी मोठी राहत नाही आणि गुंतागुंत वाढू शकते. गोळी काही दिवस बंद केल्याने हा परिणाम खात्रीने जात नाही, म्हणून वडिलांनी ती आपल्या मनाने थांबवू नये. लघवी तुंबली तर तो वेगळाच त्रास होईल. शस्त्रक्रिया करणाऱ्याला आधी माहीत असले की तो त्यासाठीची औषधे आणि बाहुली उघडी धरणारी साधने तयार ठेवतो. अनेक रुग्ण लघवीची गोळी डोळ्याच्या डॉक्टरला सांगण्यासारखी नाही असे समजतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगावी आणि विचारल्याशिवाय बंद करू नये. वडिलांच्या सर्व गोळ्यांची नावे आणि त्या केव्हापासून चालू आहेत हे एका कागदावर लिहा आणि तो कागद त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानाला टाचून ठेवा.